सिन्नरला राहिलेली कबुली

नाशिकच्या शरणपूर भागातल्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने सहादू भालेरावला वडील नेमलं, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मंडळीचा वडील म्हणजे पाळकसाहेबांचा उजवा हात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटतात; तिचं तबक घेऊन तोच बाकाबाकांवर जातो. सहादू चोपन्न वर्षांचा, सातपूरच्या एका कारखान्यात गेजरूम सांभाळणारा. गेजरूम म्हणजे मोजमापाची हत्यारं ठेवायची खोली. तिथली हत्यारं केसाहून बारीक फरक दाखवतात, आणि ती बरोबर आहेत अशी रोज सकाळी सही करायची ती सहादूने. असा काटेकोर माणूस वडील नाही व्हायचा तर कोण होणार, असं सगळे म्हणाले. सहादू काहीच बोलला नाही. लोकांनी तोही त्याचा नम्रपणाच धरला.

नम्रपणा कसला! दोन वर्षांपासून एक गोष्ट त्याच्या पोटात होती आणि ती काही केल्या पचत नव्हती.

झालं होतं असं. नाताळाआधीचे दिवस होते. चर्चमध्ये गाण्यांचा सराव होता आणि पेटी वाजवणारा सहादूच. दुसऱ्या पाळीच्या लोकांना गेजरूमच्या खिडकीतून हत्यारं देता देता एक मायक्रोमीटर त्याच्या हातून निसटला आणि खाली सिमेंटवर आपटला. नियम साधा होता: पडलेलं हत्यार बाजूला ठेवायचं, तपासल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. हा नियम लाल अक्षरांत भिंतीवर लिहिला होता आणि अक्षर सहादूचंच होतं. तपासायला पंधरा मिनिटं लागली असती. पण तिकडे पेटी वाट पाहत होती. त्याने मायक्रोमीटर रुमालाने पुसला, डबीत घातला आणि खिडकीशी उभ्या असलेल्या गोरक्षच्या हातात दिला. देवाची गाणी वाजवायच्या घाईत देवाच्याच लेकराचा घात झाला, हे त्याला पुढे अनेकदा आठवलं.

गोरक्ष सिन्नरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, लेथवर धातू कातण्याचं काम करणारा. ठेकेदाराकडून आलेला, पण नव्या वर्षात कायम होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा हात तसा होता. त्या पाळीत त्याने त्या मायक्रोमीटरने मोजून मोजून जेवढे शाफ्ट, म्हणजे यंत्राचे दांडे, काढले, ते सगळे मापापेक्षा बारीक निघाले. एकही घेण्याजोगा नव्हता.

सकाळी सहादू सगळ्यांच्या आधी आला. मायक्रोमीटर तपासला. फरक दाखवत होता. इथवरची चूक कुणाच्याही हातून झाली असती. पुढचं जे झालं त्याला चूक म्हणता येणार नाही. त्याने खणातली हत्यार जुळवायची छोटी किल्ली काढली, मायक्रोमीटर पुन्हा बरोबर जुळवला आणि वहीत सही केली. चौकशीला साहेब आले तेव्हा हत्यार चोख होतं. मग खोट कुणाची? हाताची. गोरक्षला कामावरून कमी केलं. जाताना तो खिडकीशी येऊन म्हणाला, "भाऊ, तुमी हत्यार चांगलं दिलं व्हतं. मीच माती केली." सहादूने मान हलवली.

तेव्हापासून तो देवापुढे रोज कबूल करत होता. अगदी डोळ्यांत पाणी आणून. देवाला सांगणं सोयीचंही होतं म्हणा. देव कंपनीत जाऊन कुणाला सांगत नाही, आणि बायकोसारखं विचारत नाही, दोन वर्षं गप्प का होतात?

तर वडील झाल्यावरचा तो पहिलाच प्रभुभोजनाचा रविवार. या मंडळीची एक जुनी रीत आहे. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब थांबतात आणि ज्यांच्यात काही बिनसलंय त्यांना उठून एकमेकांना सलाम करायला लावतात. सलाम हाच या लोकांचा नमस्कार. बांधावरून भांडलेले दोन सख्खे भाऊ इथेच एकमेकांच्या गळ्यात पडले होते. म्हातारी शकुबाई आणि तिची सून तर दर महिन्याला मनापासून सलाम करतात आणि सोमवारपासून पुन्हा नव्याने सुरुवात करतात. पण करतात. न करता तबकाला हात लावायचा नाही, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

त्या दिवशीही सलाम झाले. सहादू तबक घेऊन पहिल्या बाकाशी आला. शकुबाईने हात पुढे केला. सुनेला सलाम करून आलेली, डोळे पुसत बसलेली म्हातारी. सहादूने तबक पुढे करायला हवं होतं. त्याचे हात हलेनात. दोन वर्षं त्याने या तबकातली भाकर स्वतः घेतली होती, पण आज दुसऱ्याला देताना मात्र त्याला ते जमेना. तो वळला, तबक मेजावर ठेवलं आणि पाळकसाहेबांना हळूच म्हणाला, "साहेब, माझ्याच्यानं होणार नाही. माझा एक सलाम राहिलाय."

"कुठे राहिलाय?"

"सिन्नरला."

पाळकसाहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "मग जा. आत्ता जा," म्हणाले, आणि तबक स्वतः उचललं.

सगळ्या मंडळीदेखत सहादू मधल्या वाटेने बाहेर पडला. त्याची बायको मार्था धावतच मागे आली. तिला वाटलं, रक्तदाब वाढला. आवारातल्या चिंचेखाली त्याने तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती खाली ओट्यावर बसली. "अहो, दोन वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात," एवढंच म्हणाली. मग उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "द्वारकेवरून जीप मिळेल. गेल्यावर उंबऱ्यातच बोला. चहा घेऊन मग बोलू नका. चहा घेतला की माणूस गोड बोलायला लागतो."

द्वारकेच्या चौकात त्याला जीप मिळाली. दहाजणांच्या जागी चौदाजण बसले होते, आणि वाटेत शेजारच्याने कांद्याचा भाव विचारला तेव्हा सहादू "माझीच चूक" म्हणाला. शेजारी पुढे सिन्नरपर्यंत गप्प बसला.

गोरक्षचं घर गावाच्या कडेला होतं. दारात त्याची बायको रोहिणी सव्वा वर्षाच्या मुलीला न्हाऊ घालत होती. गोरक्ष खाटेवर बसला होता. सहादूला बघून तो उठलाच. "भाऊ! या, या. अगं, नाशकाचे सहादूभाऊ आलेत, चहा टाक."

"चहा नको," सहादू उंबऱ्यातच म्हणाला. "गोरक्ष, तो मायक्रोमीटर माझ्या हातून पडला होता. चर्चमध्ये गाण्यांच्या सरावाला जायची घाई होती, म्हणून मी न तपासता तुला दिला. सकाळी बघितलं तर चुकीचं दाखवत होता. मी गुपचूप नीट केला आणि सही केली. तुझे शाफ्ट माझ्यामुळे गेले. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही."

रस्ताभर त्याने बरंच काही जुळवलं होतं, पण एवढंच निघालं. आता गोरक्ष शिवी देईल, एखादी ठेवून देईल, असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

गोरक्षने आपले दोन्ही हात वर केले आणि उलटेसुलटे करून पाहिले. "म्हंजी माझा हात बरोबर व्हता?"

"बरोबर होता."

"नाय, म्हंजी हातात काय खोट नव्हती?"

"नव्हती रे. हत्यारात होती. आणि माझ्यात."

तो पुन्हा खाटेवर बसला. बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता रडू लागला. बोलली ती रोहिणी. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून ती म्हणाली, "दोन साल! दोन साल हा माणूस मला सांगतोय का माझे हात कापत्यात. दोनदा डोळे तपासून आला. कुठंच मशीनला हात लावायला तयार नाय, गोदामात खोकी उचलतोय. पोरगी झाली तर तिला धरंना, म्हनला माझ्या हातून पडंल. बघा, बाप घरात असून मी एकटी न्हाऊ घालतीय. आन् तुमी तिकडं गानी म्हनत व्हता?"

"हो," सहादू म्हणाला. "गाणी म्हणत होतो."

त्याला वाटलं होतं, कबुलीत आपलं काही जाईल: अब्रू, जागा, लोकांचा विश्वास. ते जाणारच होतं. पण या घरातून जे त्याने नेलं होतं ते नुसती नोकरी नव्हती, हे त्याला इथे उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं. एका माणसाचे हात त्याने दोन वर्षं स्वतःच्या खणात बंद करून ठेवले होते. ते परत द्यायला मिळाले, याबद्दल त्याचं मन कृतज्ञतेने भरून आलं, आणि लाजही तेवढीच वाटली.

गोरक्षने डोळे पुसले. "भाऊ, मला सांगितलं, लय बरं केलं. पण मला एकट्याला सांगून भागायचं नाय. हात गेला असं तिथं म्हनले सगळ्यांसमोर. तिथंच सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"उद्या. सकाळच्या पाळीला. तू ये."

"तुमची खुर्ची जाईल."

"जाऊ दे," सहादू म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे ते खोटं नव्हतं.

सोमवारी सातपूरला पाळी सुरू होण्याआधी सगळे यंत्रांपाशी जमले, तेव्हा सहादू पुढे आला. फाटकावरच्या धोंडीरामला त्याने सांगून ठेवलं होतं, म्हणून गोरक्षही आत येऊन दाराशी उभा होता. सहादूने सिन्नरला सांगितलं तेच सांगितलं, त्याच क्रमाने. फक्त शेवटी एक वाक्य जास्त होतं: "गोरक्षसारखा हात या शेडमध्ये दुसरा नाही, आणि हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं." मग लेथवरचा म्हातारा भिकन गोरक्षपाशी गेला, त्याचा हात हातात घेतला आणि चांगला दाबला. "आम्हीबी मान हलवली व्हती रे तवा," तो म्हणाला.

साहेबांनी सहादूकडून गेजरूमच्या किल्ल्या घेतल्या. लेखी द्या म्हणाले, त्याने दिलं. उद्यापासून माल चढवायला जायचं ठरलं, पुढचं वरच्यांना विचारून सांगणार होते. गोरक्षला परत घेण्याचंही वरच्यांना विचारूनच. वरचे विचार करायला किती दिवस घेतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण गोरक्षला त्याची फिकीर दिसत नव्हती. सिन्नरच्या एमआयडीसीतही लेथ आहेत म्हणाला, आजच दोन ठिकाणी विचारून येतो.

दुपारी सहादू फाटकाबाहेर पडला तर समोर गोरक्ष मोटारसायकल चालू करून उभा. "बसा, भाऊ. घरी जेवायला. रोहिणीनं सांगितलंय, त्यांना घेतल्याबिगर येऊ नको."

सहादूला वाटलं, आता खरी बोलणी बसणार. तो मुकाट्याने मागे बसला. वाटेत गोरक्ष लेथबद्दलच बोलत होता: कुठल्या पात्याने कसा कट बसतो, कुठला धातू कसा चिवट. गाडी एका हाताने चालवून दुसऱ्या हाताने दाखवत होता, आणि सहादू मागे जीव मुठीत धरून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होता, गोरक्ष पुन्हा लेथबद्दल बोलतोय म्हणून, आणि आपण अजून गाडीवर आहोत म्हणूनही.

घरी रोहिणीने पाट मांडले होते. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. तिने सहादूच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, मी अजून माफ केलेलं नाय. त्याला मला टाइम लागंल. पन जेवायला काय टाइम लागत नाय. बसा."

सहादूने मान खाली घातली. जेवणाआधीची प्रार्थना तो तीस वर्षं रोज म्हणत आला होता, झोपेतही म्हणता आली असती. आज एकही शब्द सापडेना. डोळे मिटून तो तसाच बसून राहिला. समोर गोरक्षने घास उचलला नव्हता. हे लोक आधी काहीतरी म्हणतात एवढं त्याला माहीत होतं. रोहिणीही परातीशी थांबली होती. सगळं घर त्याच्यासाठी थांबलं होतं.

"भाऊ," शेवटी गोरक्ष हळूच म्हणाला, "सांगा ना तुमच्या देवाला. आमटी गार व्हतीय."

"देवा," सहादू म्हणाला, "यांनी मला घरात घेतलं." प्रार्थना तेवढीच झाली. रोहिणीने थोडा वेळ वाट पाहिली आणि न विचारता त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.