सरलाबाई ‘मंगळ’ म्हणाल्या

खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, माइक चालू केला की काय होतं, ते विनायक सरांना त्या दिवशी कळलं. चाळीस लूम एकदम वर्गात घुसले! खटाखट खटाखट. पहिल्या बाकावरचा गणपत कानात बोटं घालून वाकला. सरांनी घाईघाईने टीव्हीतल्या लोटूचा आवाज बंद केला.

नवागामचा हा मोठ्या माणसांचा दहावीचा वर्ग. निम्मे बाकावर, निम्मे मोबाइलवर. सरलाबाई बाकावर आणि त्यांचा नवरा लोटू भिंतीवरच्या टीव्हीत, खात्यात, मागे लूम चालू. आज तोंडी परीक्षा होती. दहातले सहा बरोबर आले तरच दहावीच्या परीक्षेचा फॉर्म, आणि फॉर्मची आज शेवटची तारीख. लोटूला बदली माणूस मिळाला नव्हता. वर्गातला कॅमेरा फळ्याकडे होता, त्यामुळे प्रश्न त्याला दिसणार होते. पण उत्तर?

"ऐकू येत नाही, तर मार्क कसे देऊ?" सर म्हणाले.

सरलाबाईंनी टीव्हीकडे पाहिलं. लहानपणी सुटलेली शाळा दोघांनी मिळून पुन्हा धरली होती. एकटीने दहावी पास होऊन काय करायचं? घरी भांडायला तरी बरोबरीचा माणूस हवा!

तेवढ्यात टीव्हीत लोटूने दोन बोटं नाचवली, मग ओठ हलवले.

"सर, तो म्हणतोय, मी हाताने सांगतो," बाई उठल्या. "खात्यात आम्ही असंच बोलतो. आठ वर्षं धाग्याच्या बॉबिन भरल्यात मी. तिथं कोणाला ऐकू येतं? हात बघायचे, ओठ बघायचे."

"म्हणजे उत्तर तो देणार आणि बोलणार तुम्ही?"

"सर, बाईच सगळं सांगून टाकतील!" गणपत ओरडला. "काल माझी वही तपासली त्यांनी!"

वर्ग खिदळला. सर खडू घेऊन उभेच. शेवटी म्हणाले, "बघू. पण माझी नजर आहे."

प्रश्न सुरू झाले. लोटूचे हात भिंगरीसारखे. बाई धडाधड बोलत होत्या. आठ प्रश्नांत पाच बरोबर. आता सरांच्या भुवया शंकेने पार वर गेल्या. गणपत तर बाईंचेच ओठ बघत बसला.

नववा प्रश्न. सूर्यापासून तिसरा ग्रह कोणता?

बाईंचा चेहरा फुलला. सोप्पा! लोटूने छाती फुगवून ओठ हलवले.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सरांकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. एक शब्द बदलायचा की झालं, सहा मार्क, फॉर्म हातात. तोंड उघडलं. मिटलं. मग कपाळावर हात मारून म्हणाल्या,

"मंगळ."

आणि पुढे राहवलंच नाही. "अय माय! हाऊ माणूस ज्यावर उभा शे, तो ग्रह बी याले माहीत नही!"

वर्ग आडवा झाला. सर खडूसकट खुर्चीत बसले, डोळे पुसत. "बाई, शंका संपली माझी. गणपत, तुझी?"

"माझीपण," गणपत म्हणाला. हसून त्याला उचकी लागली होती.

शेवटचा प्रश्न. दोनशे चाळीसचे पंधरा टक्के. लोटू थांबला. खालच्या ओठाला चिमटा. हवेत आकडे लिहिले, पुसले. बाईंनी पदराचं टोक दातात धरलं. मग लोटूची तीन बोटं. मग सहा. आणि लगेच हवेतल्या हवेत मिशीला पीळ.

"छत्तीस," बाई म्हणाल्या. "शेठ आला."

"छत्तीस बरोबर," सर म्हणाले. "शेठ काय?"

कारखान्याचे मालक, मिशाळ शेठ, टीव्हीत आलेच. अख्खा चेहरा, नाक काचेला. ओठ हलले.

"विचारतात, आ शुं चाले छे? हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

सरलाबाई धावत कॅमेऱ्यापुढे गेल्या आणि दोन्ही हात वर करून झपकन खाली आणले. खात्यात याचा अर्थ एकच, कापडाचा ताका पूर्ण झाला, लूमवरून उतरवा. लोटू जागेवरच नाचला. शेठ मात्र गर्रकन वळून लूमवर ताका शोधू लागले.

मागून गणपतने हात वर केले, खाली आणले. मग सगळ्या बाकांनी. मग मोबाइलवरच्या साऱ्यांनी. आणि सगळ्यात शेवटी, फॉर्मचा कागद बगलेत धरून, विनायक सरांनी.