जुन्या पडद्याची खोळ

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे आणि या घरातली शांतता माझ्यामुळे टिकून होती. मी सुरू झालो की असा खडखडाट होई की सासू-सुनेला एकमेकींचं बोलणं ऐकूच येत नसे.

निम्मा मी भिंतीवर, निम्मा गॅलरीत. आतली गरम हवा बाहेर फेकायची, एवढंच माझं काम. मला आणलं आजोबांनी. आल्यागेल्याला ते माझ्यासमोर बसवत आणि विचारत, "बघा, घाम येतोय का?" आजोबा गेले आणि माझी काळजी आजींकडे आली.

काळजी कसली? या घरात सर्व्हिसिंग म्हणजे ओल्या फडक्याने माझं तोंड पुसणं. आतली जाळी धुवायची असते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. हिवाळा लागताच आजींनी जुन्या पडद्याची खोळ शिवून माझ्या गॅलरीतल्या अंगावर चढवली, वर नाडी आवळली. उन्हाळे आले नि गेले, खोळ निघाली नाही. गरम हवा टाकायला जागाच उरली नाही. मी धापा टाकून बंद पडू लागलो.

"हे धूड काढा आता," सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या. "काम कमी, कुरकुर जास्त. घरात तसं एक आहे, तेवढं पुरे."

"ऐकू येतं हो मला," आजी म्हणाल्या. "ह्यांनी आणलाय तो. इतके उन्हाळे झाकून ठेवलाय मी."

"झाकायला तो काय दूध आहे? मांजर तोंड घालणार होतं?"

अख्ख्या घरात प्रथमच कुणी शहाणपणाचं बोललं होतं. पण टोमणा म्हणून बोलल्यामुळे ते वाया गेलं.

"दोघी गप्प बसा, आधीच उकडतंय," आजींचा मुलगा म्हणाला आणि त्याने पंखा वाढवला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मला उतरवलं. आजी दारात उभ्या राहिल्या. "खोळ फाडू नकोस रे बाबा," एवढंच म्हणाल्या.

आता मी गॅलरीच्या कोपऱ्यात पडून आहे. माझ्यावर कुंडी ठेवली आहे. मित्रांनो, ऋतू बदलला की जाळी धुवा, खोळ काढा. प्रेमाने नाही केलंत तरी चालेल. तुमच्या प्रेमाचा मला अनुभव आहे.

परवा हिवाळा लागला. आजींनी धुऊन ठेवलेली खोळ बाहेर काढली. नवा एसी सूनबाईंच्या पसंतीचा, म्हणून नाडी त्यांनी बांधली.

माप तेच निघालं.