पाचव्या दिवशी पाणी

"हात लाव त्या बादलीला, मग बघ योग्या. अकरा दिवस पाणी नाही म्हणजे नाही," आत्या न्हाणीच्या दारात आडवी उभी राहून म्हणाली.

"अकरा दिवसांत तिची कातडी सडेल," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्यानं. समोरच्या खिडकीतून लगेच एक डोकं बाहेर आलं.

आई गारमेंटच्या कारखान्यात, अण्णा होसकोट्याला कामाला, म्हणून दिवसभर घरात कस्तुराबाईचं, म्हणजे माझ्या आत्याचं राज्य. माझ्या धाकट्या बहिणीला, भाग्यलक्ष्मीला, कांजिण्या आल्यात. आज पाचवा दिवस. आत्या म्हणते घरात देवी आलीय, पाणी घातलं तर कोपेल. दाराला कडुनिंब, फोडणी बंद, आणि पाच वर्षांची पोरगी घामानं चिकट होऊन खाजवतेय.

सकाळीच मी बघितलं, तिच्या भुवईवरचा फोड पिवळा पडलाय. नखांत रक्त. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रोज कोमट पाण्यानं आंघोळ, चोळायचं नाही, नखं कापायची, नाहीतर चिघळून खड्डे पडतील. खड्डे मला माहीत आहेत. माझ्या गालावर सहा आहेत. नववीत शाळा सोडली तोवर मला तिथं नावानं कुणी हाक मारली नाही.

आत्याला डॉक्टर सांगून उपयोग नव्हता. पण तिचा आणखी एक नियम होता. पोर मागेल ते द्यायचं, कारण मागते ती देवी. परवा भाग्यानं शहाळं मागितलं तर मला भर उन्हात पिटाळलं. काल रिबन. आत्या तिला अम्मा म्हणते, अहोजाहो करते.

एकदम डोक्यात पेटलं. बादली सोडली आणि भाग्याच्या चटईपाशी उकिडवा बसलो.

"अम्मा, तुम्हाला काय पाहिजे?"

आत्या जागीच थबकली. भाग्यानं विचार केला आणि बिस्कीट मागितलं. मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. आणखी काय, विचारलं.

"खाजतंय," ती म्हणाली. "अंगावर पाणी घाला."

आत्यानं पदर खोचला. तू बाजूला हो म्हणाली, देवीला गडीमाणसं न्हाऊ घालत नाहीत. निंबाचा पाला घातलेलं पाणी तिनं कोपर बुडवून बघितलं, थोडं गार पाणी मिसळलं, आणि खांद्यावरून तांब्या सोडला. भाग्या खिदळली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मी बाहेरून ओरडत होतो, चोळू नको, टिपून घे. कळतंय मला, आत्या म्हणाली, पण जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं टिपतच होती.

नखं मी कापली. गुलाबी औषध कापसानं लावलं. भुवईला मात्र हात लावला नाही, तो फोड डॉक्टरनंच बघायचा. मग परत विचारलं, अम्मा, दवाखान्यात जायचं का? ती म्हणाली, रिक्षानं.

आत्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून उभी आहे. दवाखाना दुपारी एकला बंद होतो. हाका मारतेय. निघायला पाहिजे आता.