शंभरावं कार्ड

मी एक रेडिओ बोलतोय. आजवर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते सगळं दुसऱ्यांचं होतं. बातम्या दुसऱ्यांच्या, गाणी दुसऱ्यांची, हवामानाचे अंदाजही दुसऱ्यांचे. माझी स्वतःची म्हणावी अशी एक खरखर तेवढी आहे, आणि ती कुणालाच नको असते. आज मात्र मी माझं बोलणार आहे, आणि रागानं बोलणार आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझ्या पोटात बोटभर जाडीची एक काळी कांडी आहे. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळली आहे. लांबून आलेला आवाज आधी ती कांडी धरते. मला टेबलावर थोडं फिरवलं की एका बाजूचं स्टेशन दबतं आणि दुसऱ्या बाजूचं वर येतं. कारखान्यात ज्या बाईनं ती तार गुंडाळली, तिचं नाव माझ्यावर कुठेही नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मला विकत घेतलं ते तिनं, माझ्या मालकिणीनं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे ते विसरणार आहेत. ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर नुकतीच लागली होती. पहिल्या पगारातून तिनं मला आणलं.

तिच्या कामाबद्दल सांगायला हवं. दिवसभर फोन यायचे आणि त्यातले निम्मे रडणाऱ्यांचे. आमचा माणूस कुठल्या वॉर्डात आहे, एवढं विचारायलाही त्यांना शब्द सापडत नसत. त्या हुंदक्यांतून तिला नाव काढून घ्यावं लागे, तेही एकदाच विचारून. दुसऱ्यांदा विचारलं की समोरचा माणूस कोसळतो, असं ती म्हणायची. असे तिचे कान तयार झाले होते.

लग्न झालं तेव्हा मी तिच्याबरोबर नव्या घरी आलो. नवरा छापखान्यात यंत्रावर होता. माणूस वाईट नव्हता. पण ते धडधडणारं यंत्र वर्षानुवर्षं त्याच्या डाव्या कानाशी होतं, आणि बारीक आवाज त्याला सोडून गेले होते. माझ्यातून कुणीतरी बोलतंय एवढं त्याला कळे. काय बोलतंय ते कळत नसे.

एकदा त्याच्या छापखान्यात एका क्लबची पुस्तिका छापायला आली. लांबलांबची रेडिओ स्टेशनं शोधून ऐकणाऱ्या हौशी लोकांचा तो क्लब. स्टेशन लागलं की तारीख, वेळ, काट्याची जागा आणि काय काय ऐकलं ते लिहून त्या स्टेशनला पत्र पाठवायचं. त्यांनी आपल्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि खरं निघालं, तर तिकडून ऐकणाऱ्याच्या नावाचं एक छापील कार्ड येतं. जितकी कार्डं, तितका मान. पुस्तिकेत ठळक अक्षरांत एक नियम होता: ‘स्टेशननं आपलं नाव सांगितल्याशिवाय नाव लिहू नये, आणि स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय काहीच लिहू नये.’ हा नियम त्यानं स्वतःच्या हातानं छापला आहे. त्याला तो माहीत नव्हता असं मला कुणी सांगू नये.

दिवस मावळला की लांबची स्टेशनं वर येऊ लागतात. तो खिडकीशी बसून माझा काटा केसाकेसानं सरकवायचा, मला फिरवायचा. हेडफोन एकच होता, तो तिच्या कानांवर.

“थोडं मागे घ्या. अहो, मागे म्हणजे दुसऱ्या टोकाला नव्हे. हां, थांबा. बाई बोलतेय.”

“काय बोलतेय?”

“मला काय ठाऊक, माझी मावशी आहे का ती? थांबा जरा. नाव सांगतील आता.”

भाषा कळली नाही तरी नाव कळतं, असं तिचं म्हणणं. नाव सांगताना कुणीही जरा सावकाश बोलतं. मग ती ते नाव उच्चारायची, आणि त्याची पेन्सिल वहीत चालायची.

पहिलं पत्र पाठवताना तो म्हणाला होता, “तूच लिही, तू ऐकलंस.”

“तुम्हीच लिहा. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते लोक घाबरून स्टेशन बंद करतील.”

दोघं हसली. पत्राखाली नाव त्याचं पडलं. त्या दिवशी मला राग आला नव्हता, हे कबूल करतो.

मग कार्डं येत गेली. दहा झाली, चाळीस झाली. भिंतीवर चौकट लागली. क्लबात त्याला ‘कानसेन’ म्हणू लागले. पहिल्यांदा हे ऐकून तो ओशाळला. दुसऱ्यांदा त्यानं मान खाली घातली. तिसऱ्यांदा नुसता हसला. वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला तेव्हा कानसेननं हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला, तोही उलटा. चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती. फोटोवाला म्हणाला, “बाई, जरा बाजूला होता का, सावली पडतेय.” ती झाली बाजूला.

तो फोटो छापून आला त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, “कान माझे, मान तुमचा. बरं जमलंय.” तो म्हणाला, “आपलं काय वेगळं आहे का?”

वेगळं नसतं तर एखादं कार्ड तिच्या नावावर मागवायला काय हरकत होती? हे मी तेव्हाच विचारलं असतं. पण मी रेडिओ. माझ्या तोंडून त्या वेळी कुठल्या तरी बंदराचं हवामान चाललं होतं.

नव्याण्णव कार्डं झाली आणि एका थंडीत पहाटे उजाडायच्या सुमाराला एक अगदी क्षीण आवाज माझ्या कांडीनं धरला. लांबच्या एका बेटावरचं चिमुकलं स्टेशन होतं ते. क्लबात ते आजवर कुणालाच लागलं नव्हतं. ते दहा मिनिटं वर यायचं आणि ऊन पडलं की बुडायचं. पहिल्या पहाटे तिला बाजाची पेटी ऐकू आली. दुसऱ्या पहाटे बोटींच्या वेळा सांगणारा म्हातारा. तिसऱ्या पहाटे ती शाल गुंडाळून, डोळे मिटून बसली होती. कामाची बस निघून गेली तरी उठली नाही. आणि त्या म्हाताऱ्यानं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा उच्चारलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

त्यानं पत्राचा कागद ओढला. तेव्हा ती म्हणाली, “एकदा माझं नाव घाला की.”

“अगं, शंभरावं आहे हे.”

“म्हणूनच म्हणतेय.”

“क्लबात सगळे वाट बघतायत. पुढचं तुझ्या नावावर, शब्द दिला.”

“पुढचं म्हणजे एकशे एकावं?”

“हो.”

“ठीक आहे,” ती म्हणाली आणि हेडफोनची तार नीट गुंडाळून खणात ठेवली. “आता तुम्हीच ऐका. कार्डांवर तुमचेच कान आहेत.”

ती भांडली नाही. त्यानंतर तिनं हेडफोन कधी कानाला लावला नाही, एवढंच. एकशे एकावं कार्ड आलंच नाही. क्लबात कानसेन सांगू लागला, हल्ली घरोघरी ते नवे दिवे आणि चार्जर झालेत, त्यांची खरखर इतकी की काही ऐकू येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण खरखर खरंच वाढली होती. पण त्याच खरखरीतून तिनं बेटावरचा म्हातारा उचलला होता. आपली लाज झाकायला या माणसानं माझा आवाज पांघरला. त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

दोन वर्षांनी ती आजारी पडली. ज्या हॉस्पिटलच्या बोर्डावर तिनं तीस वर्षं काढली तिथेच दाखल झाली, तिथेच गेली. त्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही. मी घरी होतो. तिनं मला मागितलं होतं, असं त्यांची मुलगी म्हणते. कानसेन म्हणाला होता, “तिथे मशिनींची खरखर फार. काही ऐकू येणार नाही.”

भेटायला लोक आले. क्लबचे चिटणीसही आले. भिंतीवरच्या चौकटीखाली बसून म्हणाले, “वहिनींनी फार सोसलं हो तुमचं वेड. तुमच्या कानात सगळं जग, आणि त्या बिचाऱ्या एकट्या.”

कानसेननं मान हलवली. ‘हो’ अशी हलवली. मी दोन हातांवर होतो. माझं बटण बंद होतं.

सगळे गेल्यावर मुलगी कप गोळा करायला आली. कप तसेच ठेवून ती त्याच्यासमोर बसली.

“बाबा, कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही. हे क्लबला माहीत आहे?”

“आता कशाला तो विषय.”

“मग कधी काढू? आई होती तेव्हा तुम्ही काढू दिला नाहीत.”

त्यानं भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाला, “पुढच्या महिन्यात क्लबच्या कार्डांचं प्रदर्शन आहे.”

“मला माहीत आहे. मी येणार आहे,” ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात होतं. मला पांढऱ्या कापडावर ठेवलं. समोर चिठ्ठी होती: ‘कानसेनांचा सेट.’ माझी मालकीण तिच्या पहिल्या पगारानं मला घेऊन आली होती, आणि आता मी कानसेनांचा. भाषणाला त्याला बोलावलं. तो उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, “ही शंभर कार्डं माझी नाहीत. माझ्या पत्नीनं ऐकलं. मी फक्त काटा फिरवला आणि नाव माझं घातलं. शंभराव्याला तिनं मागितलं होतं. मी दिलं नाही.”

आणि मग टाळ्या पडल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. “किती मोठं मन,” पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. चिटणीसांनी डोळे पुसले. तिच्या नावाचा मान मागायला गेलेला माणूस पुन्हा स्वतःच मान घेऊन उभा होता. शेवटच्या रांगेत मुलगी तेवढी बसून होती, हात मांडीवर ठेवून.

त्याला ती दिसली. तो चिटणीसांकडे वळला. “टाळ्या नकोत. यादीत तिचं नाव घाला.”

“बसा हो, भावना पोचल्या,” चिटणीस हळूच म्हणाले. “पण गेलेल्या माणसाला सभासद करता येत नाही. तसं नियमात नाही.”

“मग माझं काढा. ते नियमात आहे, स्वतः ऐकल्याशिवाय लिहू नये. मीच छापलाय तो.”

त्यानं ती चिठ्ठी फाडली, मला काखेत घेतलं आणि चालू लागला. मुलगीही उठली, पण आधी तिनं कार्डांची चौकट टेबलावर पालथी घातली.

माझा राग गेलेला नाही. जायचं काही कारणही नाही. शंभर कार्डं अजून त्याच्याच नावाची आहेत, आणि बेटावरचं ते स्टेशन कधीच बंद पडलं आहे. तिथे आता दुरुस्तीचं पत्रही जात नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात एक जण ऐकत असेल आणि दुसरा लिहीत असेल, तर ज्याचे कान त्याचं नाव घाला. पुढच्या वेळी नव्हे, आत्ता. समोरचं माणूस ‘ठीक आहे’ म्हणतं तेव्हा काहीच ठीक नसतं.

सध्या मी घरीच, माझ्या मालकिणीच्या खिडकीत असतो. प्रदर्शनाच्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं खणातून हेडफोन काढला, तिनं गुंडाळलेली तार सोडवली आणि पहिल्यांदा सुलटा कानांवर चढवला. काटा बेटाच्या जागेवर नेला. तासभर बसला. मग वही उघडून तारीख, वेळ आणि काट्याची जागा घातली. ‘ऐकणारा’ या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं: ‘काही ऐकू आलं नाही. फक्त खरखर.’

त्या वहीत त्याच्या नावावरची तेवढी एक ओळ खरी आहे. आणि ती खरखर माझी होती.