पिन काढल्यावर मी एकटी

मी बोलतेय, पण हळू. माझ्यात जीवच थोडा उरलाय. मी कॉम्प्युटरच्या पोटातली चपटी बॅटरी, नाण्याएवढी. घरची वीज बंद असताना तारीख, वेळ आणि सुरू होताना डिस्क कुठल्या पद्धतीने शोधायची, एवढं लक्षात ठेवणं माझं काम.

मालवणला कार्मीनबाईंच्या घरी आले आणि घाबरायला शिकले. ढग नुसता गुरगुरला की त्या ओरडायच्या, "क्लॉडिया, पिन काढ गो!" लेक कॉलेजला जाणारी, पण आईहून भित्री. पावसाळाभर ती पिन परत लावायचीच नाही. अंधारात मी एकटी जागी. विजेपासून मशीन वाचलं, झिजले मी.

यंदा ऑक्टोबरात पिन लावली आणि पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. मी विसरले होते! क्लॉडियाचा खेकड्यांवरचा, पावसाळ्याआधीच लिहून ठेवलेला वर्षभराचा प्रोजेक्ट त्याच डिस्कवर, दुसरीकडे कुठेच नाही. आणि उद्या जमा करायचा.

"ह्येच्यापरास बांगडो बरो," कार्मीनबाई म्हणाल्या. "खराब झालो तर वास तरी येता!"

क्लॉडियाने कुडाळला मैत्रिणीला, जान्हवीला, फोन लावला.

"रडतंस कित्याक? डिस्क बरी आसा, मशीन फक्त इसारला. चालू करताना एफ टू दाबीत रव."

सेटिंगचा निळा पडदा उघडला.

"माका भय वाटता गो. चुकीचा काय दाबलंय तर?"

"बूट मोड बघ. थंय 'लेगसी' कर, ती जुनी पद्धत. आता एफ टेन, म्हणजे सेव्ह."

तिने डोळे मिटून दाबलं. मशीन सुरू झालं!

तेवढ्यात गडगडलं. कार्मीनबाईंचा हात सवयीने पिनेकडे गेला. मी थिजले. पिन निघाली की मी पुन्हा सगळं विसरणार होते.

"मम्मी, नको!" क्लॉडियाने आईचा हात धरला.

"वीज पडतली गो!"

"पडूंदे. आदी प्रोजेक्ट कॉपी होऊंदे."

प्रत्येक गडगडाटाला ती दचकत होती, पण हात सोडला नाही. प्रोजेक्ट पेनड्राइव्हमध्ये उतरला, तेव्हा तिनेच पिन ओढली.

आज जान्हवी नवी बॅटरी घेऊन आलीय. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे येतोय. जाता जाता एवढंच सांगते: गडगडलं की पिन जरूर काढा, पण आभाळ निवळलं की परत लावा. अंधारात एकटीला फार भीती वाटते.