अद्याप न बसलेली भर

वाट प्रथम पावलांनी पडते. चाके तीवर मागाहून येतात. मागाहून येणाऱ्याने आधीच्याला जपावे, की आधीच्याने त्याच्यासाठी अंग चोरावे, याचा निवाडा कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेला नव्हता. तो त्या दिवशी यमाजीच्या कुदळीवर येऊन ठेपला होता.

यमाजीने कुदळ डोक्यावर उचलली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली.

"मार की!" ओव्हरसियर गोगटे जीपच्या सावलीतून म्हणाले. "मुहूर्त पाहतोस काय?"

कुदळ खाली आली, टणकन वाजली आणि उसळून वर गेली. रस्त्यावरच्या त्या आडव्या उंचवट्याचा बोटभर टवकासुद्धा निघाला नाही.

शहापूरकडून मुरबाडकडे जाणारा हा रस्ता किन्हवलीच्या अलीकडे वळण घेतो, तेथे एका अंगाला वाडी आणि दुसऱ्या अंगाला विहीर. त्या मैलाची निगा राखणारा मैलकुली म्हणजे यमाजी. खड्डे बुजवणे, कडेचे गवत काढणे, रस्त्याखालची मोरी साफ ठेवणे, हे त्याचे काम. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर डांबर पडले, तेव्हा वाडीतल्या बायकांनी त्यावरून अनवाणी चालून पाहिले होते आणि त्या कौतुकाने हसल्या होत्या. पुढे कोळशाचे आणि लाकडाचे ट्रक त्याच वळणावरून बाणासारखे सुटू लागले, आणि हसणे थांबले.

यमाजीची बायको राही हिला सहा वर्षांपूर्वीच्या तापापासून ऐकू येत नव्हते. खडीचा रस्ता होता तोवर तिचे अडले नाही. गाडी दूर असतानाच खडखडाटाची थरथर तिच्या तळपायांना कळे. डांबराने तेवढाही निरोप बंद केला. मागल्या आषाढात एका ट्रकने तिच्या डोक्यावरची हंडी उडवली. हंडीच उडाली, म्हणून यमाजीच्या घरात अजून चूल पेटत होती. तेव्हापासून काम कुठेही असो, पाण्याच्या वेळी त्याचे हात आपोआप थांबत आणि कान वळणाकडे लागत.

दिवाळीनंतर खात्याने तेथे, विहिरीसमोरच, रस्ता आडवा खणून पावसाचे पाणी काढायला खालून नळ घातला. 'वर चांगली भर घाल,' एवढाच हुकूम यमाजीला झाला. ही चाकरी लागण्याआधीचे त्याचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या भातखाचरांचे बांध घालण्यात गेलेले; भर म्हटली की त्याच्या हातांना बांधच ठाऊक. त्याने मुरूम आणि चिकणमाती पेंढा घालून तुडवली, तीन दिवस पाणी पाजले, थरावर थर देऊन धुमसाने चोपले, आणि वर खडी नि डांबराचा हात दिला. रस्त्यावरची भर पुढे गाड्यांखाली खचून सपाट बसते, म्हणून ती बसेपर्यंत थोडी उंच ठेवतात. ही भर उंच तर राहिली, पण खचेना. गाड्या तेथे येऊन दबकू लागल्या. हे चुकून झाले की जाणून, हे यमाजीला कोणी शपथेवर विचारले असते, तर त्याला उत्तर देता आले नसते.

मग एका ठेकेदाराचा अर्ज गेला, की मालाच्या गाड्यांना झटका बसतो. त्या अर्जापाठोपाठ आज साहेब आले होते.

"रस्ता कशासाठी असतो, यमाजी?"

"जायासाठी, साहेब."

"मग? तू तर बांध घालून ठेवलास. इथे भात लावणार आहेस?"

विहिरीच्या पायरीवर बसलेली सकुबाई मोठ्याने हसली. वाडीतली ती सर्वांत वडील. साहेब असो की पाटील, तिची जीभ कोणापुढे अडत नसे.

"लावू दे की! तुमचे टरक कापणीला येतील."

"आजीबाई, गाड्यांना भोंगा असतो. ऐकून बाजूला व्हावं माणसानं."

यमाजीचे ओठ हलले. पण बायकोचे व्यंग सांगून सरकारी कामात सवलत मागणे त्याला भीक मागितल्यासारखे वाटले. त्याने मान खाली घातली. या मैलाची चाकरी गेली तर दुसऱ्या गावच्या वीटभट्टीवर जाणे आले, हेही त्याला दिसत होते.

"संध्याकाळपर्यंत सपाट झालं पाहिजे," गोगटे म्हणाले. "नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस. मी परतताना पाहीन." ते जीपमध्ये बसले. "चल रे, नथू."

ड्रायव्हर नथूने जीप मागे घेतली आणि वेग दिला. त्याच वेळी राही भरल्या हंड्यावर कळशी ठेवून विहिरीवरून वर आली. तिची नजर समोरच्या पायवाटेवर होती. तिने रस्त्यावर पाऊल टाकले.

भोंगा वाजला. पुन्हा वाजला. राही त्याच संथ चालीने पुढे निघाली.

हाक मारून उपयोग नव्हता. कुदळ टाकून तो धावला. परंतु नथूचा पाय त्याआधीच, त्या उंचवट्यासाठी, सवयीने ब्रेकवर दबला होता. जीप हळूच वर चढली, कचकन थांबली, आणि तिच्या पुढच्या पत्र्यात नि राहीच्या लुगड्यात हातभराचे अंतर उरले.

तेव्हा कोठे राहीने मान वळवली. तिने जीप पाहिली, साहेब पाहिले, पदर सारखा केला आणि किंचित हसून पलीकडे गेली. कळशीतले पाणीसुद्धा हिंदकळले नाही.

मग गोगटे खाली उतरले. त्यांची नजर पलीकडे गेलेल्या राहीवर होती.

"तिला ऐकू येत नाही?"

"नाय, साहेब."

"कोण तुझी?"

"घरवाली."

"अरे, मग मघाशीच का नाही बोललास?"

"तुमी रस्त्याचं इचारलंत, साहेब."

गोगटे त्या उंचवट्यापाशी गेले आणि बुटाच्या टाचेने त्यांनी तो दाबून पाहिला. मग खिशातून नोंदवही काढली.

"यमाजी, ही भर बसली का रे?"

यमाजी जन्मात खोटे बोलला नव्हता. "बसली, साहेब. पक्की बसलीय. हत्ती नाचवा."

"नाही बसली."

"नाय साहेब, मीच चोपलीय, पेंढा घालून..."

"अरे मुडद्या!" सकुबाई पायरीवरून ओरडली. "साहेब म्हन्तात नाय बसली, तं नाय बसली! तुला साहेबापरीस जास्ती कळतं?"

यमाजीने सकुबाईकडे पाहिले, मग साहेबांकडे. साहेब वहीत लिहीत होते, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते: "नळावरील भर अद्याप बसावयाची आहे. बसेपर्यंत हात लावू नये. वाहनांनी सावकाश जावे." त्यांनी खाली सही केली, तारीख घातली.

यमाजीच्या चेहऱ्यावर अर्थ हळूहळू उमटला. त्याने हात जोडले. मग टाकलेली कुदळ उचलून बाजूला ठेवली आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. किती तरी महिन्यांनी त्याने भरून श्वास घेतला. पलीकडे राही हंडा उतरवून दुसऱ्या खेपेसाठी निघाली होती. यमाजीने प्रथमच वळणाकडे पाहिले नाही.

त्या मैलावर पुढे आणखी तीन ओव्हरसियर आले. प्रत्येकाने मागची नोंद वाचली, उंचवटा पाहिला, विहिरीकडे जाणाऱ्या बायका पाहिल्या, आणि तेच वाक्य आपल्या अक्षरात पुन्हा उतरवले. ज्याने ते पहिल्यांदा लिहिले त्याचे कल्याण असो. ज्यांनी ते न खोडता पुढे चालवले त्यांचेही असो. त्या वळणावर पाणी वाहणाऱ्या साऱ्या पावलांना दीर्घ आयुष्य लाभो. आणि ती भर कधीही न बसो.