चौपन्न तास

“सुधारली! एकदम फस्टक्लास सुधारली. लिहा, बेन, लिहा!” श्रीपतराव सोफ्यावर मांडी घालून म्हणाले.

“बिघडली,” स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, मंदाताईंचा, आवाज आला.

माझं बोट टॅबवर तसंच राहिलं. प्रश्न साधा होता. सध्याच्या सरकारच्या काळात तुमच्या घराची आर्थिक परिस्थिती सुधारली, तशीच राहिली की बिघडली? एका घराचं उत्तर एकच. एका खासगी कंपनीच्या पाहणीसाठी मी आठ वर्षं बडोद्यात दारोदार हेच विचारत हिंडते. निजामपुऱ्यातल्या या घरात ही माझी तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी मंदाताई पाणी देऊन आत गेल्या होत्या आणि श्रीपतराव बोलले ते मी मुकाट्याने भरलं होतं. आज मात्र राहवेना. माझा मेला स्वभावच भोचक.

“अहो, हिचं काय ऐकता?” श्रीपतराव म्हणाले. नंदेसरीच्या एका कारखान्यातून ते सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. “रस्ते बघा, पूल बघा. भाजीवाला मोबाइलवर पैसे घेतो. घरात एसी आला, नात इंग्रजी शाळेत जाते. आणखी काय पायजे?”

“आणि महागाई, काका?”

“ती कधी नव्हती, सांगा ने!”

मी टॅब घेऊन सरळ आत गेले. तवा तापला होता आणि मंदाताई फडक्याने खाखरा दाबून दाबून भाजत होत्या. ओट्यावर खाखऱ्यांच्या चळती लागल्या होत्या.

“ताई, बिघडली कशी हो?”

“दहा वर्षांपूर्वी मी दुपारची झोपायचे,” त्या म्हणाल्या. “चांगली तासभर, पंखा लावून. आता एसी आहे, पण झोप कुठाय? फतेगंजचा दुकानदार रोज तीनशे खाखरे नेतो. एसी त्यातूनच आला. नातीची फीसुद्धा त्यातूनच जाते.”

टॅबवर त्यांच्या नावापुढे ‘काम: काही नाही’ असं होतं, तेही माझ्याच हातचं. ‘ती काय, घरीच असते,’ श्रीपतराव म्हणाले होते, आणि दिवसभर उन्हात पायपीट करून घर चालवणारी मी बाई, तेवढ्यावर लिहून मोकळी झाले होते! लाज वाटली मला. खरंच लाज वाटली.

“रोज किती तास होतात?”

“नऊ तरी होतात. रविवारी बंद.”

“आठवड्याचे चौपन्न,” मी म्हटलं आणि आकडा भरला.

श्रीपतराव दारात येऊन उभे होते. “छे! एवढे नसतील. फावल्या वेळात करते ती.”

“कारखान्यात तुमचे किती असायचे?” मी विचारलं.

“अठ्ठेचाळीस,” ते तोऱ्यात म्हणाले आणि त्यांची नजर खाखऱ्यांच्या चळतींवर गेली. मग चष्मा काढून म्हणाले, “मला वाटायचं, करमत नाही म्हणून करते.”

“करमत नाही म्हणून!” मंदाताईंनी तवा आपटला नाही, एवढंच.

घरात राहायला दोघंच, त्यात कामधंदा करणाऱ्या आता त्या एकट्याच. पाहणीचा नियम असा की उत्तर घरातल्या कमावत्याचं; म्हणजे उत्तर त्यांचं आणि सहीही त्यांचीच.

“मग बिघडली लिहू?” मी विचारलं.

त्यांनी गॅस बारीक केला. “नको. खोटं कशाला बोलू? घर सुधारलंय. मी सुधारलंय ते. असं लिहायला जागा आहे का त्यात?”

“नाही हो.”

“मग नुसतं सुधारली लिहा.”

मी सहीसाठी टॅब पुढे केला. मंदाताईंनी पदराला हात पुसून तर्जनी टेकवली, पण रेघ उमटली नाही. पुन्हा पुसून टेकवली, तरी नाही. तव्याने बोटांची टोकं पार राठ झाली होती. अंगठा झाला, मधलं बोट झालं.

“राहू दे, मी करतो,” म्हणत श्रीपतरावांनी सवयीने हात पुढे केला आणि अर्ध्यातच थांबवला. मग दोन्ही हातांनी टॅब मंदाताईंसमोर धरला.

“करंगळी बघ,” ते हळूच म्हणाले.

करंगळी उमटली. मंदाताईंनी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि ते होईपर्यंत श्रीपतरावांनी टॅब जराही हलू दिला नाही.